सकाळी उठवताना

ज्या घरात स्मृतिभ्रंश झालेलं म्हातारं माणूस आहे, त्या घरातली सगळ्यांत कठीण वेळ बहुधा सकाळची असते. घाटंजीत थंडीच्या दिवसांत साडेसहालाच चुलीवर पाण्याचा गंज चढतो. सून अंगण झाडून आत येते, सासूला उठवायला तिचा हात धरते, आणि सासू त्या हाताला चावते. रात्री हीच बाई शांत झोपली होती. दुपारी उन्हात बसवली की पुन्हा शांत होईल. मधल्या तासाभरात मात्र शिव्या, ओरबाडणं, लुगडं घट्ट धरून ठेवणं, न्हाणीच्या दारात बसकण मारणं. घरचे म्हणतात, बुढी हट्टाला पेटली. शेजारचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. कोणी तर तिच्या तरुणपणीची भांडणं काढून सांगतं की हिचा स्वभाव पहिल्यापासूनच असा.

मला आज एवढंच म्हणायचं आहे की हट्ट, स्वभाव, वय यांच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. तिचं काही दुखत तर नाही ना?

रात्रभर एका कुशीवर पडलेलं अंग सकाळी आखडलेलं असतं. गुडघे झिजलेल्या माणसाला दिवसातली पहिली हालचाल सगळ्यांत जड जाते. आपण अशा वेळी पाय हळूच खाली सोडतो, गुडघा चोळतो, उठवायला आलेल्याला 'थांब जरा' म्हणतो. ज्याला 'थांब' म्हणायचं सुचत नाही, त्याच्या काखेत हात घालून एका झटक्यात उभं केलं तर त्यानं दुसरं काय करावं? तो हात झटकतो. नॉर्वेतल्या बर्गेनच्या डॉ. बेटिना हुसेबो यांनी २००७ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं दुखणं ओळखायची एक पद्धत मांडली, ती नेमकी या सकाळच्या घटकेवर उभी आहे. माणूस स्वस्थ बसलेला असताना दुखणं दिसत नाही, म्हणून सकाळचं आवरताना पाहायचं. दोन्ही हातांची बोटं उघडायला लावायची. हात डोक्याकडे न्यायचे. पाय गुडघ्यात आणि खुब्यात वाकवायचे, पुन्हा सोडायचे. अंथरुणातच दोन्ही कुशींवर वळवायचं, मग काठावर बसवायचं. दर हालचालीला चेहरा बघायचा, आवाज ऐकायचा, अंग आवळलं जातं का, हात आडवा येतो का ते पाहायचं. याला यंत्र लागत नाही की रक्ताची तपासणी लागत नाही. घाटंजीतली कितीतरी सुना-लेकी यातलं जवळजवळ सगळं रोज करतातच. फक्त त्या वेळी डोळा घड्याळाकडे असतो, कारण पोरांची शाळा आहे, स्वयंपाक व्हायचा आहे, कापूस वेचायला निघायचं आहे.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायांचं अंग कशानं झिजलंय, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. कमरेला झोळी बांधून वाकून वाकून वेचलेला कापूस, उकिडवं बसून केलेली निंदणं, डोक्यावरचे पाण्याचे गुंड, सरपणाचे भारे. अशी उभी हयात गेल्यावर गुडघे आणि मणके जे व्हायचे ते होतात. विसर डोक्याला पडतो. गुडघ्याला पडत नाही.

तरीही एक समजूत पक्की बसली आहे की 'त्याले आता काही समजत नाही', म्हणजे दुखतही नसेल. ही समजूत फक्त गावातल्या माणसांची नाही, मोठ्या दवाखान्यांतही ती सापडते. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचा एक अभ्यास न्यूयॉर्कमध्ये झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं डोकं शाबूत होतं त्यांच्या तुलनेत स्मृतिभ्रंश बळावलेल्यांना मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक जेमतेम एक तृतीयांश मिळालं होतं. हाड तेच, मोडणं तेच. मागता आलं नाही म्हणून मिळालं नाही. पुढे २००६ साली मेलबर्नच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूची छायाचित्रं घेतली. वेदनेनं मेंदूचे जे भाग जागे होतात, ते या रुग्णांतही जागे झाले, त्यांत कमी काही नव्हतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्यानं लिहिली. बोलून सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असं होत नाही, हे तिथं स्पष्ट नोंदवलेलं आहे.

ओळखीतल्या एका घरातला प्रसंग सांगते. आबाजी जिनिंगमध्ये हमाली केलेले, आयुष्यभर कमी बोलणारे. विसर पडू लागला तरी अंगणातल्या बाजेवर बसून असत, कोणाला त्रास नाही. एका आठवड्यात सगळं फिरलं. संध्याकाळ झाली की घरभर येरझाऱ्या, बाजेवर बसवलं की लगेच उठायचं, आणि सुनेसमोर, नातींसमोर धोतर वर करायचं. "लाज नाही उरली बुढ्याले," म्हणून मुलगा ओरडला. धोतराऐवजी नाडीचा पायजमा घातला, गाठ मागे बांधली. तेव्हापासून रात्री कण्हणं सुरू झालं. कुठून तरी झोपेची गोळी आणून दिली, त्यानं ते पेंगू लागले आणि पेंगतानाही कण्हत राहिले. पांढरकवड्याहून लेक भेटायला आली. ती बापाजवळ बसली, "बाबा, कुठी दुखते?" म्हणाली. उत्तर आलंच नाही. मग तिनं हात कपाळावरून फिरवत छातीवर आणला, पोटावर आणला. बेंबीच्या खाली हात गेला आणि म्हाताऱ्यानं तिचं मनगट पकडलं. ओटीपोट फुगून टणक झालं होतं. लघवी तुंबलेली होती, थेंब थेंब गळत होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दवाखान्यात नळी घातली, पिशवी बघता बघता भरली, आणि ते तिथल्या खाटेवरच झोपले. डॉक्टरांनी प्रोस्टेटची गाठ वाढल्याचं सांगितलं, वर शौचाला खडा झालेला होता. धोतर वर करणारा तो हात निर्लज्जपणाचा नव्हता. जिथं कळ येत होती तिथं तो जात होता.

अचानक बदल झाला की कारण शोधायचंच, हे या प्रसंगातून घ्यावं. स्मृतिभ्रंश सावकाश वाढतो, वर्षावर्षानं. आठ दिवसांत माणूस बदललं तर ते बहुतेक वेळा स्मृतिभ्रंश वाढल्यामुळे बदललेलं नसतं. लघवीचा संसर्ग असतो, छातीत कफ भरलेला असतो, पडून हाड मोडलेलं असतं आणि पडल्याचं त्याला आठवत नसतं, एखादं नवं औषध मानवलेलं नसतं. आणि बदल नेहमी आरडाओरड्याचाच असतो असंही नाही. रोज गडबड करणारी आजी एकाएकी गुमसुम झाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली, तर घरच्यांना हायसं वाटतं, 'आता शहाण्यासारखी राह्यते' असं म्हणतात. मला तर या शांत झालेल्या म्हाताऱ्यांचीच काळजी जास्त वाटते.

शेतकऱ्याला हे पाहणं नवं नाही. बैलानं रवंथ थांबवली, एक पाय सारखा उचलू लागला, कान पाडले, की पोळ्याला त्याला सजवणारा हात लगेच खूर तपासतो. बैल बोलत नाही म्हणून त्याचं दुखत नाही असं आपल्याकडे कोणी कधी म्हटलेलं नाही. म्हाताऱ्या आईशी ही बरोबरी करताना जीभ अडखळते. पण ती नजर आपल्या घरात आहे, गोठ्यात रोज वापरलीही जाते, आणि ओसरीवरच्या बाजेपर्यंत पोचत नाही, याचं वाईट वाटतं.

तज्ज्ञांनी या नजरेला मोजमाप दिलंय. २००३ साली अमेरिकेत व्हिक्टोरिया वॉर्डन आणि सहकाऱ्यांनी पाच गोष्टींची एक पट्टी तयार केली: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर माणूस शांत होतं की नाही. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. आकडा महत्त्वाचा आहेच, कारण कालचा चार आज सहा झाला की डॉक्टरांना सांगता येतं. त्याहून मला शेवटची गोष्ट मोलाची वाटते. भीतीनं रडणारं माणूस पाठीवरून हात फिरवल्यावर बरेचदा निवतं. दुखण्यानं रडणारं निवत नाही, निवलं तरी हात काढताच पुन्हा सुरू होतं.

तोंड ही सगळ्यांत दुर्लक्षित जागा. ताट ढकललं की 'जेवाचं विसरले' असं ठरवून टाकतात. खरं तर आधी बॅटरी घेऊन तोंडात पाहायला हवं. किडून अर्धवट उरलेली दाढ, सैल झालेल्या कवळीनं हिरडीला पडलेली जखम, पांढरी बुरशी, वर्षानुवर्षांच्या तंबाखू-खर्ऱ्यानं झालेले छाले. तिखट वरणाचा घास अशा तोंडात गेला की आग होते, आणि ती आग ताटातून आली एवढंच त्या माणसाला कळतं. भाकरीऐवजी दूध-पोळी कुस्करून थंड करून दिली आणि ती मुकाट्यानं संपली, तर अर्धं निदान तिथंच झालं. तसंच पायाच्या नखांचं. मांसात शिरलेलं नख, टाचेच्या भेगा, माकडहाडावर अंथरुणानं पडू लागलेली लाल जागा. अंघोळीच्या वेळी अंग उघडं असतं तेव्हाच हे दिसतं. नागीण येऊन गेली असेल तर फोड सुकल्यावरही महिनोन् महिने तिथं सदरा लागू देत नाहीत. तो सदरा फाडणं म्हणजे वेडेपणा नव्हे.

घाटंजी तालुक्यात आणखी एक अडचण आहे. इथं कोलाम पोड आहेत, गोंडांची गावं आहेत, बंजारा तांडे आहेत. कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलत वाढलेल्या माणसानं मराठी पुढे बाजारात, शाळेत, शेतावर उचललेली असते. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते आणि आईकडून आलेली टिकून राहते. दवाखान्यात मराठीतून विचारलं की ती आजी नुसती बघत राहते, आणि चिठ्ठीवर 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं. सोबतच्या नातवाला तिच्या बोलीत विचारायला सांगितलं तर कदाचित ती बोट ठेवून दाखवेल. शब्द संपलेले असले तरी 'हो' आणि 'नाही' बराच काळ शाबूत असतं, म्हणून 'कसं वाटते?' असं मोघम विचारण्यापेक्षा गुडघ्यावर हात ठेवून 'इथं दुखते?' असं विचारावं आणि उत्तराला भरपूर वेळ द्यावा. आणि भाषा जुळलीच नाही तरी पाहणं उरतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताचं काम केलं आहे. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यात अमृता सुभाष यांनी केलेली माहुताची बायको कन्नड बोलणारी आहे. पंडिताची विद्वत्ता, हुद्दा, घर, तिला काही ठाऊक नाही. तरी त्याला भूक लागली आहे आणि तो भेदरला आहे, हे तिला दिसतं.

आता औषधांबद्दल, कारण चूक होते ती बहुतेक इथंच. त्रास देणाऱ्या म्हाताऱ्याला झोपवायची गोळी, नाहीतर मनोविकारावरचं औषध सुरू होतं. काही वेळा त्याची खरी गरज असते आणि ते तज्ज्ञानं ठरवावं. पण ही औषधं वेदना कमी करत नाहीत, वेदना सांगायची उरलीसुरली ताकद काढून घेतात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मनोविकारावरच्या या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला आहे. उलट बाजूचा पुरावा पुन्हा हुसेबो यांच्याकडूनच आला. पश्चिम नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंश आणि अस्वस्थता असलेल्या ३५२ जणांवर त्यांनी काम केलं, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. निम्म्यांना नेहमीचेच उपचार, निम्म्यांना पायरीपायरीनं वेदनेवर उपचार, आणि त्यातल्या बहुतेकांना दिलं ते साधं पॅरासिटामॉल, ठरलेल्या वेळी, नेमानं. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. औषध थांबवल्यावर ती पुन्हा वाढली. प्रत्येक आरडाओरडीमागे दुखणंच असतं असं यातून निघत नाही. भूक असते, भीती असते, एकटेपण असतं, ओला झालेला कपडा असतो. पण दुखणं ही अशी गोष्ट आहे जी शोधली तर सापडते आणि सापडली तर बरेचदा कमी करता येते.

'दुखलं तर गोळी द्या' ही सूचना अशा माणसाच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण तो मागणारच नाही. गोळी वेळेवर द्यावी लागते, सकाळच्या अंघोळीचा त्रास असेल तर अंघोळीच्या तासभर आधी. किती आणि किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचं. वय, वजन, यकृत, मूत्रपिंड यांवर मात्रा अवलंबून असते, आणि सर्दी-तापाच्या दुसऱ्या गोळीतही पॅरासिटामॉल असू शकतं. दुकानातून आपल्या मनानं आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या तर म्हाताऱ्या माणसाला देऊच नयेत, पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. इटलीतल्या तुरीनच्या फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी २००६ मध्ये दाखवलेली एक गोष्ट मला फार लागली. वेदनाशामकाचा काही गुण आपल्या अपेक्षेतून येतो, औषध घेतलंय आता बरं वाटेल, या भरवशातून. अल्झायमरमध्ये मेंदूचा पुढचा भाग बाकीच्यापासून तुटत गेला की हा भरवसाही जातो, आणि तेच औषध कमी लागू पडतं. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त उतार हवा, त्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी येतो. गोळी दिल्यावर तासाभरानं पुन्हा जवळ जाऊन पाहणं म्हणूनच आवश्यक आहे.

आणि गोळीच्या बरोबरीनं शेक आहे, तेलाचा हात आहे, गुडघ्याखाली ठेवलेली उशी आहे, न्हाणीत पाटाऐवजी प्लास्टिकची खुर्ची आहे. उठवण्याआधी समोर येऊन, नाव घेऊन, काय करणार ते सांगणं आहे. रोज डोक्यावरून अंघोळ घातलीच पाहिजे असा काही नियम नाही, कोमट पाण्यात फडका भिजवून अंग पुसलं तरी माणूस स्वच्छ राहतं.

हे सगळं थोड्या घरांपुरतं आहे असं समजू नये. देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण सुमारे ८८ लाख, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात निघाला. बायकांत तो पुरुषांपेक्षा जास्त, आणि खेड्यांत शहरापेक्षा जास्त. घाटंजीहून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटर. हात धरू न देणाऱ्या म्हातारीला एस.टी.त बसवून तिथवर नेणं काय असतं, ते नेणाऱ्यालाच विचारावं. घरबसल्या बोलायचं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत.

पण दारापर्यंत येणारी माणसं आपल्याकडे आहेतच. शेतकऱ्यांच्या मनावरचा ताण ओळखायला राज्य सरकारनं २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात यवतमाळ जिल्हा आहे आणि घरोघर जाऊन विचारपूस करायचं काम आशाताईंनी केलं आहे. आशांकडे तिशीपुढच्या सगळ्यांसाठी जो तपासणी तक्ता असतो, त्यात साठीपुढच्यांना एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? याचं उत्तर 'हो' आलं की तिथंच थांबून घरच्यांना आणखी विचारता येईल: सकाळी उठवताना काय होतं? जेवण कमी झालं का? शौचाला कधी झालं? हात लावू देत नाहीत अशी अंगावर कुठली जागा आहे का? तालुक्यात आशांच्या बैठका होतात, त्यातला एक तास यासाठी मागावा. नागपूर-पुण्याहून तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं कारण नाही. वर्षानुवर्षं सासूला सांभाळलेली, तिला न रडवता उठवायला शिकलेली एखादी बाई प्रत्येक वस्तीत असते. तिला बोलवावं, तिचा त्या दिवसाचा रोज बुडेल तो भरून द्यावा, आणि हात कुठं धरायचा, कुठं धरायचा नाही, ते तिनंच सगळ्यांना करून दाखवावं.